विहिरींना जाळ्या : कामाच्या नोंदी

14 एप्रिल 2024

वाडीतल्या सगळ्या विहिरींची मापं घेतली. साखरपा-देवरुख रस्त्यावरून आत उतरलं की ही वाडी लागते. पूर्वेला आंबा घाट. घाटमाथ्यावरून उत्तरेकडे चांदोलीपर्यंत रान जवळपास सलग आहे, त्यामुळे इथे रात्री काय काय फिरतं याची यादी मोठी.

विहिरी अकरा. चारांना बऱ्यापैकी कठडा आहे. बाकीच्यांचं तोंड जमिनीबरोबर. कातळात खोदल्या, वर दोन थर चिरा (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावला आणि सोडून दिल्या. दोन तर वापरातूनच गेल्यात. त्यांच्यावर घाणेरी आणि रानमोडी इतकी माजली आहे की विहिरीची कड कुठे सुरू होते ते वाडीतल्या माणसालाही दाखवता येईना. पहिल्यांदा याच दोन घ्यायच्या असं मी, जाळ्या करणारा, वाडीच्या मंडळाला सांगितलं. मंडळाचं म्हणणं, आधी पाण्याच्या विहिरी, मग पडीक. पैसे मुंबईकरांचे आहेत. शिमग्याला आले तेव्हा वर्गणी काढली, त्यामुळे शब्द त्यांचा.

काम एका वाक्यात सांगितलं गेलं : "माणूस, गुरं, वाघरू, कोण पडता नये." वाघरू म्हणजे आमच्याकडे बिबट्या.

20 एप्रिल

हिशोब. बारा फूट व्यासाची विहीर धरली. 10 मिमी सळई, दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंचांवर. साधारण 138 मीटर सळई लागते, मीटरला 617 ग्रॅम, म्हणजे 85 किलो. भोवतीची रिंग 35 बाय 5 च्या अँगलची, ती 30 किलो. मध्ये आधाराला 50 च्या अँगलचे दोन आडवे, अजून 33. बिजागऱ्या, कडी-कोयंडे धरून जाळी दीडशे किलोच्या पुढे जाते. वाडीत टेम्पो जात नाही, पाखाडी आहे, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. म्हणून प्रत्येक जाळी दोन अर्ध्या भागांत करायची, चार माणसांनी एक अर्ध उचलायचं आणि जागेवर बोल्ट मारायचे. पोहरा सोडायला अडीच फुटांचं झाकण. पंप वर काढायचा झाला तर एक अख्खं अर्ध उघडलं पाहिजे, नाहीतर पंपवाला पहिल्याच दिवशी कटर लावील.

सहा इंच का, असं मंडळाच्या सेक्रेटरींनी फोनवर विचारलं. आठ इंचांवर केलं तर वीसेक किलो लोखंड वाचतं, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं. बरोबर आहे, वाचतं. पण ज्याचं डोकं जातं त्याचं अंग जातं, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. ग्रिल बसवताना आम्ही तो चोराला लावतो. आठ इंचांत बिबट्याचं पिल्लू, कुत्रं, दोन वर्षांचं मूल, सगळं जातं. सहा इंचांतही मांजर जाईल, उदमांजर जाईल, साप-बेडूक तर जाणारच. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल. लोखंडाचं काम करणाऱ्याला जनावरं इंचांत कळतात, त्याला इलाज नाही.

गव्याचं मात्र इंचांत जमत नाही. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास जातो. तो जाळीवर उभा राहिला तर जाळीसकट खाली. त्याला अडवायला चिऱ्याचा साडेतीन फुटी कठडाच हवा. बिबट्या साडेतीन फूट सहज चढतो, पण कठडा असला की कड कुठे आहे ते त्याला कळतं. बहुतेक वेळा तो पडतो तो पाणी प्यायला येऊन नव्हे, अंधारात कुत्र्या-मांजरामागे धावताना. म्हणून गव्यांच्या वाटेवरच्या तीन विहिरींना कठडा आणि जाळी दोन्ही, बाकीच्यांना जाळी.

3 मे

लोखंड ज्या घरात उतरवलं तिथल्या काकी म्हणाल्या, माळ्यावर रात्री कोणीतरी चालतं. पोरं भुताची गोष्ट रंगवून सांगत होती. शिडी लावून वर गेलो. आंब्याच्या पेंढ्यात एक कोपरा दाबून बसलेला, आणि बाहेर कौलांवर भेरली माडाच्या बियांचे ढीग. उदमांजर. दिवसभर झोपतं, रात्री फणस, आंबा, माडाची फळं खातं आणि बिया दुसऱ्याच्या छपरावर ठेवून जातं. भेरली माड याच्या पोटातून रानभर पसरतो. माडी काढणारे याला शिव्या देतात, कारण मडक्यातली माडीही सोडत नाही.

काकींना ते घालवायचं होतं. छपराचं कौल सरकून जिथे वाट झाली होती ती जागा दाखवली. पण पिल्लं असली तर आई बाहेर गेल्यावर वाट बंद केली की वर तीन-चार पिल्लं मरून वास सुटतो. पाऊस पडेपर्यंत थांबा म्हटलं. काकी म्हणाल्या, "मग भाडं घे त्याच्याकडून."

7 मे

लोकसभेचं मतदान. वर्कशॉप बंद.

18 मे

आजची नोंद आमच्या कामाची नाही, पण आमच्या कामाचं कारण आहे.

पहाटे साडेपाचला फोन. खालच्या वाडीत विहिरीत वाघरू पडलंय. ही विहीर आमच्या अकरांत नाही. वनविभागाच्या माणसांनी चेन पुली आणि ती टांगायची घोडी मागवली म्हणून मला बोलावलं होतं. पोचलो तेव्हा शंभरएक माणसं काठाला लटकून व्हिडिओ काढत होती. विहीर पस्तीस फूट, मे महिन्याचं सात-आठ फूट पाणी. बिबट्या पंपाच्या पाइपाला पुढचे दोन पाय लावून, अर्धा पाण्यात. वर कोणी ओरडलं की तो पाइप सोडायचा, एक चक्कर पोहायचा, परत पाइपावर. आवाज जितका, तितकी त्याची दमछाक.

वनपालांनी येताच पहिलं काम केलं ते पंपाचा फ्यूज काढण्याचं. ओल्या विहिरीत जुनी केबल, वर लोखंडी शिडी सोडायची. हे पहिलं सुचायला अनुभव लागतो. दुसरं, लोकांना पन्नास पावलं मागे. त्याला तासभर गेला. सगळ्यात अवघड हेच काम होतं, बाकी दोरखंडाचं होतं. मग एक बाज चारही कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली. बिबट्या वीसेक मिनिटांनी बाजेवर चढला आणि बसला. तिथून पुढे घाई संपली.

पिंजरा दहा वाजता आला. घोडी उभी केली, चेन पुलीवर पिंजरा दार वर धरून पाण्याला टेकेपर्यंत उतरवला, बाजेला लागून. कोणी काही बोलायचं नाही असं ठरलं. अर्धा तास काहीच घडलं नाही. एका कावळ्याने मात्र नियम पाळला नाही. नंतर ती (मादी होती, दोन-तीन वर्षांची असेल असं डॉक्टर म्हणाले) उठली, पिंजऱ्यात डोकं घातलं, मागे घेतलं, आणि मग सरळ आत गेली. दोर ओढला, दार पडलं. चेन मी ओढली. पिंजऱ्यासकट दीडशे-पावणेदोनशे किलो असेल, हाताला कळतं.

चिऱ्यावर चढायचा प्रयत्न करून पुढच्या पायांच्या दोन नख्या तुटल्या होत्या, बाकी ठीक. डॉक्टरांनी तपासलं, संध्याकाळनंतर रानात सोडणार म्हणाले. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्यांना सांगूही नये.

लोक विचारत होते की लांब नेऊन का टाकत नाहीत. वनपालांनी 'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर असाच विहिरीत सापडला होता. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याला जीपीएसची कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं, आणि तो सुमारे 120 किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला जाऊन पोचला. वाटेत शेतं, रस्ते, रेल्वे, वस्त्या. कोणाला काही केलं नाही. 2011 मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला. लांब टाकलं की प्रश्न मिटतो ही समजूत जुन्नरमध्ये याआधीच महाग पडली होती. तिथून पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, आणि सोडले त्या भागात हल्ले वाढले.

मी विहिरीच्या काठाला फिरून पाहिलं. वीस फुटांवर कोंबड्यांचं खुराडं, फळ्या कुजलेल्या. खुराड्यापासून विहिरीपर्यंत कुत्र्याची आणि तिची पावलं. कड जमिनीसपाट, वर पालापाचोळा.

मालकांनी दुपारीच जाळीचं माप द्यायला बोलावलं. दर विचारला नाही.

9 जून

पाऊस लागला. दोन दिवसांत चार जाळ्यांवर गंज चढला. रेड ऑक्साइडचा एक हात पुरत नाही, दोन मारून वर इनॅमल. गॅल्व्हनाइज करावं असं मनात होतं, पण त्यासाठी कोल्हापूरला न्या आणि परत आणा. परवडत नाही. बाहेर वेल्डिंग बंद, व्होल्टेज रडकं. आता ऑगस्टअखेरपर्यंत वर्कशॉपमध्ये तयारी करायची, बसवायचं पाऊस ओसरल्यावर.

दुपारी हेल्पर पोरगा चिऱ्यांवर रचलेल्या अँगलखाली हात घालणार तेवढ्यात आवाज आला. करवत हळू चालवल्यासारखा. तो थांबला, हे त्याचं नशीब आणि थोडी माझी बडबड. अँगल उचलताना आधी काठीने हलवायचा हे रोज सांगतो. फुरसं. फूटभर लांब, वेटोळं घालून अंगाचे खवले एकमेकांवर घासत होतं. जांभ्याच्या मुलखात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, याची वस्ती जबरदस्त. दगडाखाली, गवतात, लाकडाच्या ढिगात असतं, आणि रंग असा की जांभ्यावर दिसतच नाही. आकाराकडे बघून लोक याला हलकं घेतात. याचं विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं, कधी कधी काही तासांनी.

सर्पमित्राला बोलावून बरणीत घातलं. मग पोराला बसवून पुन्हा एकदा : चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात हलवायचा नाही, थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच लस चालते. कुठला साप ते ओळखण्यात वेळ घालवू नको. भगताकडे गेलास तर तुझा पगार मी भगताला देईन.

विंचवाची भीती आमच्या आईच्या पिढीत सापापेक्षा जास्त होती. लाल विंचू चावून कोकणात पोरं मरायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि मृत्यू एकदम खाली आले. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. चिरा उचलताना अजूनही विंचू निघतो, पण आता आम्ही त्याला घाबरतो ते दुखण्यापुरतं.

अँगल यापुढे जमिनीवर रचायचा नाही. दोन फुटांचा स्टँड करून टाकला, भंगारातून.

2 जुलै

चिपळूणच्या रस्त्यावर मगर चालत गेल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. वाशिष्ठीत आणि शिवनदीत मगरी आहेतच, पाणी चढलं की रस्ता काय आणि नदी काय. एका वहिनींनी विचारलं, तुमच्या जाळीने मगर अडेल का. म्हटलं, आपल्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, मगर नाही वहिनी. "आज नाय, उद्याचं काय?" यावर माझ्याकडे कोटेशन नाही.

4 ऑगस्ट

सकाळी आबांचा निरोप, खुराड्यात अजगर. आठेक फुटांचा असेल. रात्री फटीतून आत शिरला, कोंबडी गिळली, आणि आता पोट त्या फटीतून मागे जाईना. अडकून बसला होता. बाकीच्या कोंबड्या वरच्या दांडीवर एका रांगेत, आवाज न करता. आबांच्या हातात कोयता होता, पण तो त्यांच्या हातात रोजच असतो.

अजगर बिनविषारी, कायद्याने वाघाइतकाच संरक्षित. सर्पमित्र येईपर्यंत थांबायचं ठरलं. आबांना कोंबडीचा राग नव्हता, अंड्यावर बसलेली कोंबडी नेली याचा होता. सर्पमित्राने पोतं लावलं, अजगराने ताण आल्यावर कोंबडी ओकून टाकली, आणि आबा म्हणाले, "आता तर कोणाच्याच कामाची नाय."

फट मोजली : साडेतीन इंच. त्यातून मुंगूस जातं, उदमांजर जातं, रानमांजर जातं, घोरपड अंड्यांसाठी जाते. कोंबडी वाचवायची तर बिबट्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा लागतो. खुराड्याला एक इंची वेल्डमेश चारही बाजूंनी, तळालाही, आणि दार आतून नव्हे बाहेरून घट्ट बसणारं. साधी "कोंबडीची जाळी" म्हणून मिळते ती षटकोनी पातळ तार कुत्रंसुद्धा ओढून फाडतं. मंडळाला फोन करून सांगितलं की जाळ्यांच्या पैशांतून विहिरीजवळच्या खुराड्यांना मेश बसवू द्या. सेक्रेटरी म्हणाले, ठराव विहिरींचा आहे. म्हटलं, बिबट्या विहिरीसाठी येत नाही. गणपतीला बोलू म्हणाले.

15 सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. चाकरमानी अजून दोन दिवस आहेत. काल रात्री देवळात मंडळाची बैठक झाली, आणि ती बघण्यासारखी झाली.

सुरुवात माकडांनी झाली, कारण कोकणात कुठलीही बैठक माकडांवरूनच सुरू होते. लालतोंडी माकडं आणि वानरं मिळून नारळ, आंबा, काजू, पावटा, परसातली केळ, काही ठेवत नाहीत. कौलांवरून उड्या मारतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घराला शंभर भोकं करून जातात. निम्म्या वाडीने कौलं काढून पत्रा घातला तो हौसेने नाही. एकाने सुचवलं की विहिरींपेक्षा माकडांना पिंजरे करा. पिंजरा मी करून देईन, पण पकडलेली माकडं ठेवणार कुठे, आणि परवानगी कोण देणार, यावर गप्पा बाराला संपल्या. फटाके, गोफण, कुत्रा, काही दिवस चालतं आणि मग त्यांना कळतं. त्यांना सगळंच आपल्याआधी कळतं.

मग कुत्र्यांचा विषय मी काढला. मला हाच काढायचा होता.

आंबा घाटाच्या पायथ्याशी आणि हायवेच्या हॉटेलांजवळ लोक शहरातून आणून कुत्री सोडतात. काही पिल्लं, काही गळ्यात पट्टा असलेली. ती टोळी धरतात. वाडीत यंदा आठ-दहा कुत्र्यांची टोळी आहे, कोणाचीच नाही. तिने जूनपासून तीन घरांची शेळ्यांची पाटरं मारली, पऱ्याच्या वर एक भेकर फाडलं. एका शाळकरी पोराला पोटरीला चावली. पोराच्या आईने जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी लस सुरू केली, म्हणून मी निश्चिंत आहे. हळद-चुना लावून घरी बसणारेही याच वाडीत आहेत. तरीही बैठकीत कोणी कुत्र्यांना जंगली जनावर म्हणायला तयार नव्हतं. बिबट्याची भीती, कुत्र्याची कीव.

ही टोळी जगते कशावर? नाक्यावरच्या चिकनच्या दुकानाची घाण रोज संध्याकाळी पऱ्यात टाकली जाते. गौरी जेवल्या त्या दिवशी वाडीनेही तिथेच टाकली. घाणीवर कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या. त्या पऱ्यापासून सगळ्यात जवळची विहीर साठ पावलांवर, तोंड उघडं. मी मे महिन्यातली पावलं सांगितली. जाळी लावा, पण पऱ्यात घाण टाकणं चालू ठेवलं तर बिबट्या विहिरीत पडणार नाही, अंगणात येईल, एवढंच.

शांतता झाली. मग मुंबईच्या एका काकांनी, जे आयुष्यभर महापालिकेत सफाई खात्यात होते, सांगितलं की खड्डा मारा, घाण टाकली की वर चुना आणि माती, खर्च काही नाही. दुकानदार समोरच बसला होता. हो म्हणाला. बघू.

खुराड्यांच्या मेशला मंजुरी मिळाली. पडीक विहिरी यंदाच घ्यायच्या, हेही झालं.

6 ऑक्टोबर

पाऊस मागे सरला. पहिल्या तीन जाळ्या बसवल्या. काकींनी अडवलं होतं : बाळंतीण विहीर पुजायला येते, तिने ओटी जाळीवर भरायची काय? झाकण उघडून पुजा म्हटलं. त्यांनी झाकण उघडून-मिटून पाहिलं, कडी माकडाला उघडता येते का ते विचारलं. कोयंडा उलटा लावून दिला.

27 ऑक्टोबर

भात कापणी चालू, माणसं मिळत नाहीत. पडीक विहिरीभोवतीची रानमोडी साफ करायला मी आणि पोरगा दोघेच गेलो. बांधाला फासकी लावलेली सापडली. क्लचवायरची, झुडपाला बांधून, डुकराच्या उंचीला. रानडुकरं भात, सुरण, नाचणी रातोरात नांगरून टाकतात. लावणाऱ्याचा राग मला कळतो. पण फास जनावर ओळखत नाही. त्यात बिबट्या कमरेत अडकतो, सुटायला ओढतो आणि तार आत जात राहते. मरतो तरी, नाहीतर अर्धा कापलेला, वेदनेने पिसाळलेला बिबट्या भात कापायला आलेल्या बायांच्या समोर असतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हा गुन्हा आहे, तुरुंगाचा.

कोणी लावली ते अंदाजाने सगळ्यांना माहीत. वायर काढून खिशात घातली आणि संध्याकाळी त्याच्या पडवीत बसून चहा प्यालो. वायर टेबलावर ठेवली. त्याने नुकसानीचा अर्ज केलाच नव्हता. पंचनाम्याला कोण धावणार, म्हणाला. वनविभागाचा 1926 नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला. पुढचं त्याच्याकडे.

येताना अंधार पडला. पाखाडीच्या वळणावर गवा. आम्ही बॅटरी लावली नव्हती आणि तो चरत होता, त्यामुळे दोघेही एकमेकांना उशिरा दिसलो. पंधरा फूट असेल. पाय पांढरे, वर सगळा काळोख, आणि फुस्स असा मोठा श्वास. पोरगा पळायच्या बेतात. त्याची कॉलर धरली. गवा पळणाऱ्याच्या मागे लागतो असं नाही, पण त्याला निघायची वाट आपणच अडवली असेल तर तो आपल्यावरूनच जातो. आम्ही गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, पाठ लावून एकेक पाऊल वर सरकलो, वाट मोकळी केली. तो खाली उतरून गेला. त्याच्यामागून अजून चार.

गडगा ओला होता, शर्टाचं वाटोळं.

24 नोव्हेंबर

रात्री अकराला फोन : आवारात "दगड चालतोय". खवले मांजर. मेश लावलेल्या खुराड्याच्या कडेने वाळवी शोधत फिरत होतं. माणसं जमल्यावर गोल गुंडाळून पडलं. दात नाहीत, मुंग्या आणि वाळवी एवढंच खाणं, वर्षाला बहुधा एकच पिल्लू. अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे. त्यासाठी त्याची तस्करी होते, आणि व्हॉट्सअॅपवर त्याच्या किमतीच्या ज्या लाखा-कोटींच्या गोष्टी फिरतात त्या वाचून साधी माणसं तुरुंगात गेली आहेत. जमलेल्यांपैकी एकाने ती गोष्ट काढलीच. आबांनी त्याला घरी पाठवला.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था, भाऊ काटदरे यांची, कासवांसाठी वेळासला ज्यांनी काम केलं तीच, खवले मांजरावरही काम करते. डुगवे गावात तर त्याची पालखी काढून खवलोत्सव केला. हे मी सांगितल्यावर आबा म्हणाले, आमच्याकडे पालखीला एक देव पुरे, पण याला कोणी हात लावायचा नाही. वनरक्षक येईपर्यंत तासभर सगळे गप्प बसून त्या गोळ्याकडे बघत राहिलो. ते मात्र सगळे गेल्यावरच उलगडलं असणार.

15 डिसेंबर

नऊ विहिरी झाल्या. आत पडलेल्या लहान जनावरांसाठी काय, हा एप्रिलपासूनचा प्रश्न. नायलॉनची जाळी सोडा असं सुचवलं गेलं. नको, साप त्यात अडकून मरतो, परसातल्या जाळ्यांत बघतोच. काथ्याचा अंगठ्याएवढा दोर आणि खाचा पाडलेला एक बांबू, कठड्यापासून पाण्यात दोन फूट. बांबू दरवर्षी बदलावा लागेल. पहिल्याच आठवड्यात एका विहिरीत बांबूवर बेडकांची बैठक, आणि एकदा उंदीर वर येताना काकींनी पाहिला. त्यांना बांबू काढून टाकायचा आहे.

कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने त्याच्या सरांकडून ट्रॅप कॅमेरा आणला होता, तो पऱ्याजवळच्या विहिरीवर लावला. फोटो बघायला सगळी वाडी पडवीत. सगळ्यात जास्त वेळा काकींचीच मांजर. मग उदमांजर, जाळीवरून आरामात चालत गेलेलं. साळिंदर, काटे फिस्कारून, कशावर ते चौकटीत नाही. मोकाट कुत्री कमी, चारच. पऱ्यातली घाण बंद झाली आहे की कुत्री दुसरीकडे गेलीत, सांगता येत नाही. आणि एका पहाटे, पावणेचारला, बिबट्या. कठड्याला लागून, जाळीकडे एक नजर, पुढे. पुढचाच फोटो चार वाजून पाच मिनिटांचा : त्याच वाटेने तात्या, खांद्यावर टॉवेल, हातात बॅटरी.

तात्यांना फोटो दाखवायचा की नाही यावर पोरांत कुजबुज झाली. दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला. "हा होय. हा असतो." कधीपासून? "बाजूच्या आंब्याखाली खोकलो की जातो. म्हणून तर खोकतो."

12 जानेवारी 2025

शेवटच्या दोन विहिरी, त्या पडीक. एकीचा काठ तीन बाजूंनी ढासळलेला, जाळी टेकवायला जागाच नाही. आधी चिरा लावून कड बांधावी लागेल, गवंडी मार्च-आधी मोकळा नाही. तोपर्यंत भोवती बांबूचं कुंपण घालून लाल फडकी बांधली. दुसरीचं माप : 14 फूट 3 इंच, गोल नाही, एका बाजूला फुगलेली, पुठ्ठ्याचा साचा कापून नेला.

खालच्या वाडीच्या मालकांची जाळी बसवून झाली, पैसे आले. आणखी दोन वाड्यांतून मापासाठी बोलावलं आहे. 10 मिमीची सळई मागवायची, अडीचशे किलो. मेश एक इंची, चार रोल. पंपवाल्याला झाकणाची किल्ली द्यायची राहिली आहे.